मानसशास्त्र आणि कायदा दोन्ही मिळून संशोधन करायचंय, सांगली-साताऱ्यात राहून जमेल का?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. मी सांगलीची. सायकॉलॉजीत एमए होऊन दोन वर्षं झाली, नेट निघाली पण जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, थोडक्यात हुकली, सध्या एका शाळेत समुपदेशक म्हणून जाते. लांबलचक लिहितेय, तेवढं वाचा.

माझी आत्या फौजदारी वकील आहे. मध्यंतरी शाळेत परीक्षा चालू होत्या, मला तसं काम नव्हतं, म्हणून चार दिवस तिच्याबरोबर कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसले. गळ्यातलं हिसकावल्याची केस होती, पाच वर्षांपूर्वीची. साक्षीला एक मावशी, साठीच्या, भाजी विकतात, पदर डोक्यावर घट्ट धरून पिंजऱ्यात उभ्या. सरकारी वकिलांनी पोलिसांकडचा जबाब वाचला, "सदर इसम हा वर्णाने सावळा, बांध्याने मध्यम असून मी त्यास पुन्हा पाहिल्यास निश्चित ओळखेन" असं तुम्ही सांगितलंत ना? मावशी म्हणल्या, सदर कशाला म्हणीन मी, मला त्याचा हात दिसला, तोंड न्हाई नीट दिसलं, त्या दिवशी बी असंच सांगितलं की साहेब. कोर्टात दोघंतिघं हसले. मावशींना फितूर ठरवून मोकळे झाले. जेवणाच्या सुट्टीत त्या पायरीवर बसलेल्या, मी पाणी दिलं तर मला म्हणाल्या, पोरी मी खोटं न्हाई गं बोलले.

ते वाक्य डोक्यातनं जाईना. त्या खरंच खोटं बोलल्या नव्हत्या, फक्त कागदावरचे शब्द त्यांचे नव्हते. घरी येऊन शोधायला बसले तर कळलं की साक्षीदाराची आठवण, ओळखपरेड, जबाब कसा घ्यायचा, लहान मुलांना कसं विचारायचं यावर जगात आख्खी विद्याशाखा आहे. मला यात पीएचडी करायची आहे, शिकवायचं पण आहे. घरचे म्हणतात बीएड कर नाहीतर एमपीएससीला बस. गाईड कुठं शोधू, एलएलबी करावं लागेल का, पोट भरेल का आणि सांगली न सोडता होईल का, जे माहिती असेल ते सांगा.

कडेगावचा भाऊ
ताई विषय भारी आहे पण यातनं नोकरी काय लागती ते आधी बघा. माझ्या चुलतभावानं पीएचडी केली, चाळिशी आली तरी तासिका तत्त्वावर आहे. मन दुखवायचं म्हणून सांगत नाही, काळजीनं सांगतोय.

यवतेश्वर
मी साताऱ्यात सायकॉलॉजी शिकवतो, सात वर्षं झाली, सीएचबीवरच, म्हणजे तासिका तत्त्वावर. त्यामुळं वरच्या भाऊंचं म्हणणं मी खोटं म्हणणार नाही. भरती निघते तेव्हा बिंदूनामावलीत, म्हणजे आरक्षणाच्या क्रमवारीत, आपला पॉइंट यावा लागतो, विषयाला वर्कलोड असावा लागतो, आणि सायकॉलॉजीची मंजूर पदं असतात तरी किती. मानधन महिन्याच्या महिन्याला येत नाही, कधी चारचार महिन्यांचं एकदम येतं. हे सगळं धरूनच घरी बोला.

आता कामाचं. असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर तुमचं एमए सायकॉलॉजीत आहे, नेट आहे, तेवढं पुरेसं आहे, एलएलबीनं त्या पदासाठी काही वाढत नाही. संशोधनासाठी मात्र एलएलबीचा उपयोग होईल, कारण पुरावा म्हणजे काय आणि कोणता कागद कशाला वापरतात हे बाहेरून कळत नाही. तीन वर्षांचा कोर्स आहे, सीईटी द्यावी लागते, हजेरी लागते. साताऱ्यात रयतचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचं न्यू लॉ कॉलेज आहे, म्हणजे गाव सोडायची गरज नाही. पण पीएचडी आणि ते एकदम करायला जाऊ नका, दोन्हीची माती होईल.

जेआरएफ अजून एकदा द्याच. महिना ३७,००० मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफ झाली की ४२,०००, त्यात माणूस ताठ मानेनं संशोधन करू शकतो. नाही झाली तर सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, आपण ज्यात बसतो ती बघायची.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो म्हणजे तुम्ही सावध व्हाल. मला बाल-गुन्हेगारांवर करायचं होतं, २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलानं अतिगंभीर गुन्हा केला तर त्याची मानसिक क्षमता, परिणामांची समज वगैरेचं प्राथमिक मूल्यमापन मंडळानं करायचं असतं आणि त्यात मानसशास्त्रज्ञांची मदत घेता येते, तर ते नेमकं कसं करतात हा माझा विषय होता. समितीपुढं सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मांडला तर सायकॉलॉजीवाले म्हणाले हा लॉचा विषय आहे, लॉवाल्यांकडं गेलो तर म्हणाले तुमची पदवी सायकॉलॉजीची. दीड वर्ष दोन्ही दारात फिरलो. शेवटी गाईडनी सांगितलं विषय बदला, आणि माझी पीएचडी झाली "महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतील समायोजन व आत्मविश्वास" यावर. असे प्रबंध आपल्याकडं कपाटं भरून आहेत. मी मनापासून केलं, पण ते माझं नव्हतं.

म्हणून सांगतो, शीर्षकात आठवण, खात्री, सूचनक्षमता (दुसऱ्याच्या सुचवण्यानं आठवण बदलणं) असलेच शब्द ठेवा, कायदा हा संदर्भ म्हणून येऊ दे, आणि लॉमधला एखादा सहमार्गदर्शक पहिल्या दिवसापासून धरा. दाराशी अडवणाऱ्याला उत्तर तयार पाहिजे.

हळदभवन
नार्को टेस्ट, ब्रेन मॅपिंग पण यातच येतं का? टीव्हीवर दाखवतात ते.

ॲडव्होकेट कोरेगाव
@हळदभवन, आरोपीच्या संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग यातलं काहीच करता येत नाही, ५ मे २०१० चा सेल्वी विरुद्ध कर्नाटक हा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही हा घटनेतला हक्क आहे. त्याच्या दोनच वर्षं आधी पुण्यातल्या एका खुनाच्या निकालात ब्रेन मॅपिंगवर भिस्त ठेवली होती, त्यावर जगभरातनं टीका झाली. यंत्रावर असा आंधळा विश्वास बसला की काय होतं ते तिथं दिसलं, आणि असं मोजणारे-तपासणारे संशोधक आपल्याकडं नाहीत हीच माझी खंत आहे.

@कृष्णाकाठची, पोरी, तू जे बघितलंस ते मी वीस वर्षं बघतेय. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतच नाहीत, कायद्यानंच मनाई आहे. तो जबाब पुरावा नसतो, साक्षीदार कोर्टात वेगळं बोलला तर विसंगती दाखवायला तेवढा वापरतात. आता तो लिहितो कोण, तर ठाण्यातला रायटर. त्याच्यापुढं दिवसात पाच जण बसतात, त्याचा हात "सदर", "नमूद", "इसम" असाच चालतो. त्यात त्याची लबाडी असतेच असं नाही, त्याला तसंच लिहायला शिकवलंय. मग चारपाच वर्षांनी बाई पिंजऱ्यात उभी राहते आणि तिच्यापुढं तिचं म्हणून जे वाचतात ते तिला ओळखूच येत नाही. कोर्टातसुद्धा साक्षीदार बोलतो एक, न्यायाधीश स्टेनोला सांगतात दुसऱ्या शब्दांत. १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी संहिता आल्या, जबाबाचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करता येतं, पण सक्ती नाही.

एक व्यवहाराचं सांगते. जिल्हा न्यायालयांचे निकाल ई-कोर्ट्सच्या साइटवर मोफत मिळतात. ओळखपरेडचा मुद्दा आलेले सातारा-सांगलीचे शंभर निकाल काढ आणि एकेक वाच, न्यायाधीशांनी साक्षीदारावर विश्वास का ठेवला, का नाही ठेवला याची नोंद कर. यात कुणाची परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि सिनॉप्सिसला पाया मिळतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, आपले सातारा-सांगली दोन्ही त्यात आहेत, म्हणजे अपिलाच्या सुनावण्या बघायला मुंबईची गाडी धरायला नको.

कराड ते मास्ट्रिक्ट
धागा बघून फार बरं वाटलं. मी कराडचा, सध्या नेदरलँड्समध्ये याच विषयात पीएचडी करतोय. इथं पीएचडीवाल्याला विद्यार्थी नाही, नोकरदार धरतात, पगार असतो, त्यामुळं घरी पैसे मागायची वेळ येत नाही. इंग्लंडात पोर्ट्समथला पण मोठं काम चालतं, अमेरिकेत नेब्रास्काला १९७४ पासून कायदा आणि मानसशास्त्र असा जोड कार्यक्रम आहे. आपल्या देशात गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात फॉरेन्सिक सायकॉलॉजी शिकवतात, तेही बघा. बाहेर यायचंच असेल तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे, कुणी वाचत असेल तर नक्की अर्ज करा.

विषयाचं थोडं सांगतो. म्युन्स्टरबर्ग नावाच्या प्राध्यापकानं १९०८ मध्येच लिहून ठेवलं होतं की साक्षीदार प्रामाणिक असून चुकू शकतो, तेव्हा वकिलांनी त्याला झोडपलं. खरं वळण आलं १९७४ ला. लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि वेग विचारला, फक्त प्रश्नातलं क्रियापद बदललं. जोरात आदळल्या असं विचारलं तर सरासरी ताशी ४०.५ मैल, नुसत्या लागल्या असं विचारलं तर ३१.८. दुसऱ्या गटाला आठवड्यानं विचारलं काच फुटलेली दिसली का, काच फुटलेलीच नव्हती, तरी "आदळल्या" ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, "धडकल्या" ऐकलेल्या ५० मधले ७. एका शब्दानं आठवणीत काच फुटते बघा.

आता विचार करा, आपल्या भाषेत किती क्रियापदं आहेत. गाडी लागली, घासली, धडकली, ठोकली, आपटली, उडवली. सांगलीत "त्यानं उडवला" म्हणलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढं काय येतं आणि "गाडी लागली" म्हटलं की काय येतं. हे मराठीत करून बघायला शंभर मुलं, एक प्रोजेक्टर आणि छापील प्रश्नावली एवढंच लागतं.

दुसरं नाव लक्षात ठेवा, मानसशास्त्रज्ञ गॅरी वेल्स. त्यांनी १९७८ ला एक सरळ फरक मांडला, काही गोष्टी यंत्रणेच्या हातात नसतात, अंधार, अंतर, भीती, समोर धरलेला चाकू, आणि काही पूर्ण हातात असतात, ओळखपरेड कोण घेतो, काय सांगतो, किती माणसं उभी करतो. संशोधकानं दुसऱ्यावर जास्त वेळ घालवावा कारण ते सुधारता येतं. त्यांचं म्हणणं असं की परेड घेणाऱ्याला आरोपी कोण हे माहीतच नसावं, आणि साक्षीदारानं बोट दाखवल्या क्षणी त्याला किती खात्री वाटते ते त्याच्याच शब्दात लिहून घ्यावं, कारण नंतर शाबासकी मिळाली, बातमी वाचली, की खात्री आपोआप फुगते. अमेरिकेत रोनाल्ड कॉटन नावाचा माणूस दहा वर्षांहून जास्त तुरुंगात होता, पीडितेनं पूर्ण खात्रीनं ओळखलेला, १९९५ ला डीएनएनं तो निर्दोष निघाला. तिकडं डीएनएनं सुटलेल्यांच्या केसेस तपासल्या तर जवळपास ७० टक्क्यांत चुकीची ओळख सापडते.

आणि वाचाल ते सगळं खरं मानू नका. जेवायच्या सुट्टीआधी न्यायाधीश कडक होतात असा २०११ चा एक अभ्यास फार गाजला, पण केसेसचा क्रमच आधी ठरलेला होता अशी त्यावर सडकून टीका झालीय. उलट माणूस बघून खोटं ओळखायची आपली ताकद ५४ टक्के, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जरा बरी, हा २००६ चा निष्कर्ष शेकडो अभ्यास एकत्र करून आलाय, तो धरून चालायला हरकत नाही. संख्याशास्त्र पक्कं करा, त्यासाठीची आर (R) ही संगणकाची भाषा शिका, फुकट आहे.

मिरजमाई
मी पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, केसेसमध्ये मुलासोबत आधारव्यक्ती म्हणून जाते. ओळख पटेल असं काही लिहिणार नाही. कायदा चांगला आहे, मुलाचा जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावेत, कोर्टात वकिलांनी थेट मुलाला न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारावं, आरोपी मुलाच्या नजरेला पडू नये, पुन्हापुन्हा बोलवू नये, सगळं लिहिलंय. पण प्रश्न कसा विचारायचा हे कुणी शिकवत नाही.

एक लेकरू होतं, सात वर्षांचं असेल. पहिल्यांदा विचारलं, तू कुठं होतास, म्हणालं दारात. मग आजीनं विचारलं दारात का घरात, शेजारच्यांनी विचारलं, ठाण्यात विचारलं, दवाखान्यात विचारलं. पाचव्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणालं, घरात. मी नंतर चॉकलेट देताना सहज विचारलं बाळा आधी दारात म्हणालेलास, तर म्हणालं, दारात म्हणलं की परत परत इचारत्यात. शाळेत बाईंनी तोच प्रश्न परत विचारला म्हणजे आधीचं उत्तर चुकलं, एवढंच त्याला माहीत. उलटतपासाला नेमकं तेच धरलं.

ताई, परदेशात मुलांसाठी खुल्या प्रश्नांची ठरलेली पद्धत आहे, "काय झालं ते सगळं सांग" इथनं सुरुवात करायची, हो-नाहीचे प्रश्न शेवटी, असं ट्रेनिंगमध्ये एकदा ऐकलेलं. ते मराठीत, आपल्या पोरांच्या बोलीत कुणी तयार केलं तर आम्ही रोज वापरू. तुम्ही करा ओ.

वाईचे तात्या
मी महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने माझ्या नोकरीत चाळीसेक ओळखपरेड घेतल्या असतील. या विषयावर कुणी शिक्षण घेतंय हे वाचून लिहावंसं वाटलं, टायपिंग सावकाश आहे, समजून घ्या.

पोलिसांचं पत्र यायचं, तारीख द्यायची, परेड कारागृहात. नियमाप्रमाणे एका आरोपीमागं निदान सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेले पण आरोपीसारखेच दिसणारे. आता सारखे सहा आणायचे कुठून. आम्ही बाजारात, स्टँडवर शिपाई पाठवायचो, अंगकाठी बघून माणसं गोळा करायची, त्यांचा दिवसाचा रोजगार बुडायचा, चहा-वडापाव द्यायचा आणि हात जोडायचे. एकदा आरोपीच्या डाव्या भुवईवर खोक होती. मग कंपाउंडरकडून चिकटपट्टी आणवली आणि सातही जणांच्या डाव्या भुवईवर लावली. त्याला सांगायचं, कुठंही उभा राहा, कपडे बदलायचे तर बदल. पोलिसांना बाहेर काढायचं. दोन पंच. साक्षीदाराला आत बोलवायचं. पट्टीचं, कपड्यांचं, सगळं मी टिपणात लिहायचो, त्यात कसूर केली नाही.

पण वरचं त्या कराडच्या मुलाचं वाचून कालपासून एक गोष्ट मनात घोळतेय. मला आरोपी कोण हे माहीत असायचं, माहीत असल्याशिवाय डमी निवडणार कसे. साक्षीदार रांगेसमोरून जायचा तेव्हा माझी नजर कुठं असायची हे मी कधी बघितलं नाही.

आणि दुसरं. साक्षीदार बोट दाखवताना काय म्हणायचा? "ह्योच असंल." "डोळं तसंच वाटत्यात." "व्हय, बहुतेक ह्योच." कुणी दोनदा रांग फिरायचा, कुणी थांबून माझ्याकडं बघायचा. मी टिपणात लिहायचो, "साक्षीदाराने आरोपीस निःसंशयपणे ओळखले." चाळीसच्या चाळीस टिपणांत हेच वाक्य. आधीच्या साहेबांच्या टिपणात होतं तेच मी उचललं. "असंल" हा शब्द मी एकदाही लिहिला नाही. मी प्रामाणिकपणे नोकरी केली, पैशाला शिवलो नाही, पण हे झालंय माझ्या हातून.

ॲडव्होकेट कोरेगाव
तात्या, तुम्ही हे उघडपणे लिहिलंत, तुम्हाला नमस्कार. परेड हा मुख्य पुरावा नाही, कोर्टात उभं राहून ओळखलं तो मुख्य, परेडनं त्याला बळ मिळतं. पण ते बळ या "निःसंशयपणे" शब्दातूनच येतं. उलटतपासाला आम्ही दाढी होती का, उंची किती, डमी किती यावर तासभर घालवतो. साक्षीदाराचे पहिले शब्द काय होते हे मी आजवर एकदाही विचारलेलं नाही, पुढच्या तारखेपासून विचारणार.

कडेगावचा भाऊ
तात्यांचं वाचलं आणि गप्प झालो. आमच्याकडं "असंल" म्हणजे नक्की नाही, हे शेंबडं पोर सांगंल. ताई, करा तुम्ही. नोकरीचं बघू पुढं.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे कसे आभार मानू कळेना. रात्री दोन वाजता वाचलं आणि परत झोप लागली नाही.

मला माझा विषय तात्यांच्या लिहिण्यात सापडला. आपल्या बोलीत खात्रीच्या किती पायऱ्या आहेत, "ह्योच", "ह्योच की", "असंल", "वाटतंय", "असावा बगा", आणि कागदावर आलं की सगळ्यांचं एकच होतं. आधी साध्या प्रयोगानं बघायचं, लोकांना छोटी फिल्म दाखवायची, रांगेतून ओळखायला लावायचं, ते जे बोलतील ते रेकॉर्ड करायचं, आणि तेच रेकॉर्डिंग रायटरकी केलेल्या निवृत्त मंडळींना ऐकवून टिपण लिहायला सांगायचं. किती "असंल" चे "निःसंशय" होतात ते मोजायचं. यवतेश्वर सर, शीर्षकात "खात्री" आणि "आठवण" ठेवते, अडवतील तिथं तुमचं नाव न घेता तुमची गोष्ट सांगेन, चालेल ना? निकालांचं काम कालच सुरू केलं, अकरा वाचून झाले, नऊमध्ये तोच "निःसंशय" शब्द आहे.

मिरजमाई, मुलांचं काम माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नाही, पण प्रश्नांची मराठी यादी तुमच्याबरोबर बसून करायला मी आत्ता तयार आहे.

तात्या, तुम्ही परवानगी दिलीत तर आत्याबरोबर रविवारी वाईला येते. तुम्हाला आठवतील तेवढे साक्षीदारांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायचेत, नावं-गावं नकोत.

वाईचे तात्या
या. सकाळी दहानंतर कधीही. घरी जेवूनच जायचं. आठवतील तसे शब्द मी आजपासून वहीत लिहून ठेवतोय, आत्तापर्यंत सात झालेत.